चाळीस दिवसांचं काम

पीटरबरो, इंग्लंड
२५ फेब्रुवारी २०२२

ती. आईस,
वेलीनाचा शि. सा. न. वि. वि.

चार मार्चचं तिकीट सोबत आहे. पत्र पार्सलवाल्या गोशोच्या व्हॅनमधून पाठवते, कारण फोनवर मी रडते, तू ओरडतेस आणि कामाचं बोलणं राहूनच जातं. माझा रक्तदाब चढलाय. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय. मागच्या खेपेसारखं हेही बाळ जाईल की काय, म्हणून मी पोटावर हात ठेवून पडून असते. प्लामेनचा ट्रक सदा रस्त्यावर. त्याने बाळंतपणासाठी सुट्टी मागितली तर मालक म्हणाला की कायमचीच घे.

या वेळी ओळखपत्र चालणार नाही, पासपोर्ट आण. इंग्लंडने युरोपशी काडीमोड घेतल्यापासून तुम्ही सगळे इथे पाहुणे. विचारलं तर मुलीला भेटायला आले म्हण आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.

लवकर ये गं. मला भीती वाटते.

तुझ्या मायेची भुकेली,
वेलीना


विदिन, बल्गेरिया
५ मार्च २०२२

चि. सौ. वेलीनास,
अ. उ. आ.

मला परत का पाठवलं ते तू फोनवर विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला. आता लिहिते.

याआधी तीनदा आले, तेव्हा विमानतळावरच्या खिडकीतला माणूस कार्ड बघायचा, माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. या वेळी एका पोरसवदा साहेबाने बाजूला बसवलं. किती दिवस राहणार म्हणाला. मी म्हटलं, बाळ होईपर्यंत आणि मग पुढे चाळीस दिवस. दुभाषी बाई आपल्याच प्लेव्हनकडची. ती खाली बघायला लागली, तिथेच मला कळायला हवं होतं.

मग त्याने विचारलं की या दिवसांत घरातलं काम कोण करणार. मला वाटलं, आई म्हणून माझी परीक्षा घेतोय. मी ठणकावून सांगितलं की चाळीस दिवस माझ्या लेकीला पाण्यात बोट घालू देणार नाही. स्वयंपाक, धुणं, बाळाची अंघोळ, जागरणं, सगळं मी करीन, माझ्या आईनेही माझं असंच केलं होतं. वर बॅगेतून एप्रन काढून दाखवला, बानित्साच्या पोळ्या लाटायचं लाटणं दाखवलं. तो लिहीत गेला आणि मी फुशारकीने सांगत गेले.

शेवटी दुभाषी म्हणाली की मावशी, हे नोकरीचं काम झालं, याला परवाना लागतो. मी विचारलं की पगार कोण देणार आहे मला, माझी लेक? साहेब म्हणाला, पगार असो नसो, इथल्या एखाद्या बाईचं काम जातं. कुठली बाई गं? तुझ्याकडे कुठली बाई येते?

मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि लागला तो तुला.

लोभ ठेव, राग ठेवू नकोस.
तुझी आई, योर्दांका


पीटरबरो
८ मार्च २०२२

ती. आईस,
सा. न.

आज आठ मार्च, आपल्याकडचा आयांचा दिवस. लहानपणी या दिवशी मी तुला फुलं आणून द्यायचे, आज खोटं बोलायला शिकवते आहे. माफ कर. गोशो खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

चौदा तारखेचं तिकीट काढलंय, दुसऱ्या विमानतळाचं. एप्रन, लाटणं, बाळाचे कपडे काही आणू नकोस. चर्चला घालतेस तो कोट घाल, ओठांना रंग लाव. शेजारच्या स्तेफ्काबाईंकडून उत्तरं घोटून घे. मुलगी ठणठणीत आहे, मदतीला माणसं आहेत, तिला माझी गरज नाही, मी आठवडाभर फिरायला आले. एवढंच बोल. व्हिसाच्या भानगडीत पडलो तर बाळ चालायला लागेल.

काल पाय इतके सुजले की चपला शिरेनात. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डॉक्टरीण म्हणते, डोकं दुखलं की लगेच कुणाला तरी हाक मारा. भिंतीपलीकडे एक लिथुआनियन बाई आहे, तीही दिवसभर कारखान्यात भाजी कापते. हाक मारू कुणाला?

आई, एकदाच खोटं बोल. माझ्यासाठी.

तुझी,
वेलीना


विदिन
१६ मार्च २०२२

चि. वेलीनास,
अ. उ. आ.

घरी पोचले. सगळं खरंखरं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू स्वतःलाच खात बसशील.

स्तेफ्काने मला शाळकरी पोरीसारखं घोटवलं होतं. ती साहेब व्हायची आणि मी चुकले की टेबलावर डाव आपटायची. पण खिडकीत निघाली साहेबीण, माझ्याच वयाची. मागचं सगळं तिच्या कॉम्प्युटरवर होतं. तिने विचारलं की दहा दिवसांत असं काय बदललं. मी म्हटलं, मुलीने दुसरी सोय केली. मग म्हणाली की अशा वेळी मुलीला आई नको का? मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं की माझ्या मुलीला माझी गरज नाही. एकदाही अडखळले नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शिक्का तिच्या हातात होता, वेलीना. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तुला फोन लावला.

तुझा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. नंतर दुभाष्याने वाचून दाखवलं. तू म्हणालीस की मला उठवत नाही, घरात कुणी नाही, आईला आत सोडा, ती आली की सगळं करील, तिच्याशिवाय मी मरेन. बाईने शिक्का खाली ठेवला.

स्वतःला बोल लावशील तर माझी शपथ आहे. दुखण्याने बेजार होतीस, खरं तेच बोललीस. खोटं मी बोलले होते, आणि ते पकडलं गेलं म्हणून मला वाईट वाटत नाही. माझ्या लेकीला माझी गरज आहे हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, आणि त्याच कारणावरून मला परत पाठवलंय.

आता नीट ऐक. त्या लिथुआनियन बाईला आजच तुझ्या घराची किल्ली दे. लाजू नकोस. डोकं दुखलं तर वाट न बघता भिंत ठोक, ती घरात नसली तर रुग्णवाहिका बोलाव. गोशोबरोबर एप्रन पाठवते आहे. धुतलेला नाही, मुद्दामच. बाळ झालं की त्यात गुंडाळ, म्हणजे माझा वास त्याला ओळखीचा होईल.

लोभ आहेच, तो तुझ्या दारापर्यंत आणता आला नाही, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी आई,
योर्दांका