सवतीचा वाटा

४ नोव्हेंबर १९३८
आजपासून बायकांच्या वॉर्डात औषधे माझ्या हाती. नाव विचारा, बाटली तीनदा वाचा, गिळल्याशिवाय वहीत सही नको. सिस्टरबाईंचे हे पुराण तोंडपाठ आहे.
चार नंबरला कृष्णाबाई, कंग्राळीची. हृदय कमजोर, पाय सुजलेले. डिजिटॅलिस दहा थेंब, पाण्यातून, तीन वेळा. भिंतीकडे तोंड करून पिते. लाजत असेल, म्हणून मीही मान वळवते.

८ नोव्हें.
सूज तशीच. डॉक्टर म्हणाले, लागू पडत नाही. पंधरा थेंब केले.

९ नोव्हें.
दुपारी सहज पाहिले. अर्धे औषध गळ्यातल्या चांदीच्या टाकावर ओतत होती! टाकावर सवतीची मूर्त कोरलेली, नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोची.
"आदी आक्कांचा वाटा, ताई. न्हायतर त्या मला न्हेतील."
अंगावर काटा आला, मग रागच आला. ग्लास मी धरला, सगळे पाजले. सि.बाईंना सांगितले नाही. न बघता केलेल्या सह्या उघड झाल्या तर नर्सिंगच्या शिक्षणातून नाव कमी होईल, परत शहापुरात हातमागावर बसायचे.

११ नोव्हें.
सूज उतरली. पण जेवण नको म्हणते, ओकते. नाडी ६२. साठाच्या खाली गेली तर थेंब द्यायचे नाहीत; वर होती, म्हणून पाजले. नाडी मोजताना टाक हाताला लागला, ओला. मी तर थेंबही सांडू दिला नव्हता. घाम असेल.

१२ नोव्हें., सकाळ
नाडी ४६. थेंब दिले नाहीत.
दाराकडे बघून हसली. "आक्का आल्या बगा. हळद लावून. पिवळ्याजर्द."
दारात कोणी नव्हते.
"तुमीबी पिवळ्याच दिसताय, ताई."
धावत गेले. सि.बाईंना सगळे सांगितले, सह्यांसकट. अर्धे वाया जात होते म्हणून डॉक्टरांनी वाढवले, आणि वाढवलेले मी पुरते पाजले. या औषधाचे विष चढले की असेच पिवळे दिसते म्हणे. त्या ओरडल्या नाहीत. "सह्यांचं मागनं बघू. बाई जगू दे."
ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुपार
थेंब बंद. दर पंधरा मिनिटांनी नाडी. ४२.
"आक्का खाटंवर बसल्यात. वाटा मागत्यात."
खाटेवर बाजूला खळगा पडल्यासारखा वाटला. गादी जुनी आहे.
पाणी मागितले. ग्लास तोंडाशी नेला, थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मला भीती वाटते, फार वाटते.
मीच म्हणाले, "आधी त्यांना द्या."
आता तीन वाजून दहा. सव्वातीनला परत मोजायची.