ताईचा डावा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईने आज माझ्या बोटांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. पण चार महिन्यांत निदान माझ्या कशाकडे तरी पाहिलं.

बोलावलं भावजींनी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते तेव्हा फोन आला. म्हणाले, "तुझ्या ताईने कारागिराला कळवलंय. पंधरा मार्चला येऊन वाद्य कायमचं घेऊन जा म्हणून." मी म्हटलं, मी काय करू? तर म्हणाले, "तिचा उजवा हात धड आहे. वाद्याचं चाक ती फिरवेल. डाव्या हाताचं तू शिक. एक चाल जरी बसली ना, ती देणार नाही."

मी? शाळेत प्रार्थनेला बाई मला मागे उभी करायच्या. नुसते ओठ हलव म्हणायच्या. हे भावजींना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "घरातल्या सुऱ्या मी वरच्या फडताळात ठेवल्यात. तू ये."

गेले.

४ फेब्रुवारी

बोटांची टोकं लाल. दिवसभर काचा घासूनही होत नाहीत इतकी.

७ फेब्रुवारी

लहानपणापासून हे वाद्य बघतेय, पण त्याच्या पोटात काय आहे ते आज कळलं. लाकडी पेटी, आत एक चाक, बाहेर दांडा. दांडा फिरवला की चाक तारांना घासतं. गज ओढावा लागत नाही, त्यामुळे सूर कुठे तुटतच नाही. डाव्या हाताने लाकडी कळा दाबायच्या म्हणजे सूर बदलतो. या शहरात ते वाजवणारी ताई एकटी. आईने त्याला नाव ठेवलं होतं 'घरघर'. म्हणायची, इतरांच्या घरात ती शेवटी लागते, आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे.

ताई फक्त आकडे बोलते. "तीन. तीन. पाच. तीन." कळांवर कागदाचे चिकटे लावून तिने आकडे घातलेत. एका हाताने घातलेत म्हणून वाकडेतिकडे. मी चुकले की चाक थांबवते. रागावत नाही, चूक सांगत नाही. चाक थांबतं आणि खोली एकदम बंद होते. त्यापेक्षा तिने थोबाडीत दिली तरी चालेल. आज तासाभरात एकतीस वेळा थांबलं.

कळ दाबणं सोपं आहे, सोडणं जमत नाही. सोडली की ती आपल्या वजनाने मागे पडते. त्यासाठी वाद्य उशी घालून कलतं ठेवावं लागतं. माझं बोट वेळेवर निघतच नाही. "सोड," ताई म्हणाली. आकड्यांखेरीज आजचा हा एकच शब्द.

आम्ही एका बाकावर बसतो. ती उजवीकडे, मी डावीकडे. मधे तिचा डावा हात. तिने मांडीवर ठेवलेला असतो, तो माझ्या कोपराला लागतो. तिला कळतही नाही लागलेलं. मला कळतं.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते.

ऑक्टोबरात ताईचा बाहेरगावी कार्यक्रम होता. भावजींना रजा नव्हती म्हणून गाडी मी चालवत होते. दुपारची वेळ, जेवून निघालो होतो. गाडी डावीकडच्या कठड्याला घासत गेली. ताईचा हात खिडकीवर होता. दोनदा ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात राहील पण ऐकणार नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की कुत्रं आडवं आलं. पोलिसांना, डॉक्टरांना, ताई शुद्धीवर आल्यावर तिलाही. ताईने पोलिसांना सांगितलं, मला काही दिसलं नाही. भावजी तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुक्या जिवाला वाचवायला गेलीस. तुझा काय दोष?" या वहीतही मी कुत्रंच लिहिलं होतं. ते पान आज फाडलं.

कुत्रं नव्हतं. मला डुलकी लागली होती.

११ फेब्रुवारी

कालचंही पान फाडावंसं वाटतंय. नाही फाडत.

१६ फेब्रुवारी, रविवार

चालीच्या पहिल्या दोन ओळी वाजतात. म्हणजे ओळखू येतात. भावजी स्वयंपाकघरातून ओरडले, "दाराला तेल घालू का?" मी हसले. ताईकडे चोरून पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला असं वाटलं. नसेलही हलला.

तिसऱ्या ओळीत करंगळीने सातवी कळ दाबायची असते. माझी करंगळी म्हणजे घरातली लाडावलेली पोर, कामाला हात लावत नाही. ताईने दांडा सोडला, तिचा उजवा हात माझ्या हातावर ठेवला आणि करंगळी धरून दाबली. चार महिन्यांनी तिचा हात लागला. ऊबदार होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

२५ फेब्रुवारी

जमत नाही. अठरा दिवस राहिले आणि मी तिसऱ्या ओळीतच अडकून पडलेय. काल जे येतं ते आज येत नाही. सकाळी दुकानात जाण्याआधी टेबलाच्या कडेवर बोटं चालवते, दुपारी डबा खाताना डब्याच्या झाकणावर. मालक म्हणाले, "तबला शिकतेस काय?"

आज एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. म्हणाल्या, "पोरी, जग वाकडं झालंय की चष्मा?" नऊ वर्षांत ही चूक कधी केली नव्हती. मालकांनी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं, बस म्हणून. इतकी का वाईट दिसतेय मी?

संध्याकाळी ताई म्हणाली, "तू कशाला येतेस? तुझ्याच्याने होणार नाही. माझं मी संपवलंय, तू कशाला उकरतेस?" शांतपणे म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं.

मी म्हटलं, उद्या येते.

२ मार्च

तिसरी ओळ आली. चौथीही आली, कशी ते माहीत नाही. रोज करता करता एक दिवस बोटांनी मला विचारणंच सोडून दिलं.

मग ताई म्हणाली, "आता कुत्रं लावू."

मी बाकावर मागे सरकले. एका तारेखाली एक सैल घोडी असते, लाकडाचा एवढासा तुकडा. चाकाला मनगटाने हिसका दिला की ती थरथरते, भुंकल्यासारखी वाजते. त्यानेच चालीला ठेका येतो. कारागीर लोक तिला कुत्रंच म्हणतात. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. तरी.

ताईने हिसका दिला आणि ते भुंकलं. माझी सगळी बोटं कळांवरून निघाली.

"घाबरतेस काय," ताई म्हणाली, "चावत नाही ते." तिने चेष्टा केली! तिने. मी न्हाणीघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून धरला. बाहेर आले तेव्हा भावजी दारात उभे होते. डोळे भरलेले. त्यांना वाटलं, मी आनंदाने रडतेय. हळूच म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?"

५ मार्च

ताई दोन वेळा नीट जेवते. भावजींनी सांगितलं.

सांगायचं नाही. आता तर मुळीच नाही. ती बरी होतेय. माझ्या पोटात काय चाललंय ते माझ्यापाशी राहू दे.

९ मार्च, रविवार

चाल आज पुरी झाली. चाक एकदाही थांबलं नाही. शेवटची कळ सोडल्यावर ताई नुसताच दांडा फिरवत राहिली, तो एकच सूर बराच वेळ चालू होता. भावजी दारात उभे होते, हातात ताट पुसायचं फडकं. ताई त्यांना म्हणाली, "पंधराला कारागिराला चहा पाजा आणि परत पाठवा."

मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "तू नसतीस तर मी..."

पुढचं मला ऐकवेना. तिने ते म्हटलं असतं तर मी जन्मभर ते घेऊन फिरले असते.

"कुत्रं नव्हतं, ताई."

"काय?"

"रस्त्यात कुत्रं नव्हतं. मला झोप लागली होती."

ताईने दांड्यावरून हात काढला आणि मांडीवर ठेवला. दोन्ही हात शेजारी शेजारी. त्या क्षणी कुठला हात गेलेला आहे ते सांगता आलं नसतं.

भावजींनी फडक्याची घडी घातली. उलगडली. परत घातली.

"जा तू," ताई म्हणाली.

१० मार्च

दुकानात गेले. काचा घासल्या. घरी आले.

१३ मार्च

भावजी आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ताई चार दिवस कुणाशी बोललेली नाही. खोलीचं दार लावून घेते. वाद्याला हात लावलेला नाही.

म्हणाले, "मी तुला मुक्या जिवाचं वगैरे बोललो होतो." मी मान खाली घातली. मग म्हणाले, "डुलकी कुणालाही लागते. त्याचं काही नाही मला. पण आणखी सहा दिवस गप्प बसता आलं नसतं का तुला?"

आलं असतं गप्प बसता. चार-पाच महिने बसलेच होते. खरं सांगितलं ते तिच्यासाठी नाही, मला सहन होईना म्हणून. माझं ओझं उतरवून तिच्या अंगावर टाकलं, तेही ती नुकती उभी राहत होती तेव्हा. तिचा हात एकदा मोडला, आणि आता हे.

भावजी जाताना म्हणाले, "जेवत जा." मला! शिव्या द्यायला हव्या होत्या.

१५ मार्च, शनिवार

समोरच्या फुटपाथवर उभी होते. अकराला कारागीर आला. वीस मिनिटांनी बाहेर पडला. वाद्य जाड कापडात गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. भावजींनी फाटक उघडून धरलं. ताई बाहेर आली नाही.

कारागिराने मला ओळखलं. रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "तुम्ही धाकट्या बहीण ना? कळांवर आकडे चिकटवलेत. काढू का राहू देऊ? तुमच्या ताईंना विचारलं, त्या काही बोलल्या नाहीत."

मी म्हटलं, काढा.

१६ मार्च

बोटं आपोआप चालतात. टेबलावर, उशीवर, स्वतःच्या गुडघ्यावर. चुकतच नाहीत आता.

१९ मार्च, बुधवार

ताई दुकानात आली. एकटी, चालत. मालकांनी विचारलं, चष्मा करायचाय का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि काउंटरपलीकडून माझ्याशी बोलली. "गाडीत तुझी मान दोनदा पडली. दोन्ही वेळा मी पाहिलं. थांब म्हटलं असतं तर कार्यक्रमाला उशीर झाला असता, म्हणून नाही म्हटलं."

माझ्या हातात कुणाची तरी काच होती.

ती म्हणाली, "तू कुत्रं म्हणालीस ना, तेव्हा मी सुटले होते."