आईने ऐकलेला ऑपेरा

ताई,
तू मनासारखं लग्न केलंस, तेव्हापासून आई घरात तुझं नाव काढू देत नव्हती. आज दुपारी ती मशीनवर शिवत बसली होती. मी मुद्दाम तुझ्या आवडत्या अमेरिकन ऑपेराच्या तिन्ही रेकॉर्ड एकामागोमाग एक लावल्या. तिसरीला मशीन थांबलं.

"ही बाई इतकं कळवळून काय म्हणतेय गं?"

"घर सोडून गेलीय. आता परत यायला लाजतेय."

"वेडीच आहे! आईकडे यायला कसली लाज?"

तोंडातली टाचणी काढून ती तडक फोनकडे गेली. तुझा नंबर तिला तोंडपाठ आहे! आत्ता तुझ्याशीच बोलतेय, हसतेय.

रेकॉर्डच्या पाकिटावर तर लिहिलंय, ती बाई नवऱ्यावर चिडलीय. म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

तुझी थापाडी,
धाकटी