तिसऱ्या खांबावरची रेघ

३ जानेवारी

चि. बापूस,

अनेक आशीर्वाद. दीड महिना तुझं पत्र नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. तुला जरा कुठे दुखलं की आठवड्याला दोन पत्रं येतात, हा माझा साठ वर्षांचा अनुभव आहे. सूनबाईंचा खोकला गेला का? नातीला म्हणावं, आत्याआजीला चित्र पाठवलंस त्यातला प्राणी गाय आहे की खुर्ची, ते कळव.

आज मुद्दाम लिहायला बसले, कारण बातमीच तशी आहे. काल नगरपालिकेच्या समितीचे तिघं जण घरी आले होते. अध्यक्ष, ते कापडवाले, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. मला वाटलं वर्गणी मागतात की काय. शेवटी घसा साफ करून म्हणाले की नदीवरच्या पुलाला तुमच्या मुलाचं नाव द्यायचं ठरलंय. पोरगं सीमेवर कामी आलं त्याला दहा वर्षं झाली तेव्हा सुचलं, पण सुचलं हे काय कमी! त्यांनी पूर्ण नाव, हुद्दा, तुकडी असं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, तर क्षणभर मला वाटलं की हे दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेत. आपल्या दोघांना तो ओळंबाच. गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळसोट उंच वाढतोय म्हणून तू ते नाव ठेवलंस, आणि मग शाळेतल्या बाईसुद्धा तशीच हाक मारायला लागल्या.

बापू, तू बांधलेला पूल आणि त्यावर त्याचं नाव. हे गेल्यावर तूच त्याला बोट धरून वाढवलंस. कार्यक्रम वीस फेब्रुवारीला आहे आणि पूल बांधणारा मामा म्हणून तुला चार शब्द बोलायचे आहेत. मी परस्पर हो म्हणून टाकलंय.

बाकी पुलाला सध्या चुना लावताहेत. रंगारी तक्रार करत होता की तिसऱ्या खांबावरची ती तपकिरी रेघ काही केल्या झाकत नाही, दरवर्षी चुन्यातून वर येते. मी म्हटलं, आमच्या बापूला विचारा, त्याला त्या पुलाचा खिळा न् खिळा पाठ आहे.

कालपासून एकच गोष्ट मनात येते. तो फौजेत जायला निघाला त्या दिवशी मी रागानं घरी बसून राहिले आणि तुला बसस्टँडवर पाठवलं. परत येऊन तू सांगितलंस की तो हसत गेला, आईला आणू नका, ती रडेल, असं त्यानंच सांगितलं होतं. पहिली रजा मिळायच्या आधीच तो गेला. त्या एका निरोपावर मी दहा वर्षं काढली आहेत, म्हणून तुझे उपकार.

येण्याचा दिवस कळव. माया आहेच, ती कागदावर मागायला नको.

तुझी
ताई


१० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. प्राणी गाय नाही, खुर्चीही नाही. तो मी आहे असं नातीचं म्हणणं पडलं. सूनबाई बऱ्या आहेत.

बातमी वाचून आनंद झाला. मात्र माझ्या मनात एक विचार आला, तो लिहितो, राग मानू नकोस. पुलावरून माणसं भरधाव जातात, तिथे थांबून पाटी वाचतो कोण? त्यापेक्षा शाळेपुढचा रस्ता बघ. तो शाळेत त्याच रस्त्यानं गेला, पडला, गुडघे फोडून घेतले. मुलं रोज जाता-येता नाव वाचतील. अध्यक्षांकडे तू शब्द टाकलास तर ते ऐकतील.

माझं येणं मात्र कठीण दिसतं. गुडघा फार कुरकुरतो, बसचा प्रवास झेपेल असं वाटत नाही. भाषण तर मला कधीच जमलं नाही, साइटवर ओरडण्यापलीकडे माझं तोंड चाललेलं नाही. तेव्हा मला वगळलंस तरी चालेल.

थंडीची काळजी घे. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
बापू


१७ जानेवारी

चि. बापूस,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला वाटलं, हा ताकाला जाऊन भांडं लपवतोय. गुडघा कुरकुरतो म्हणतोस आणि गेल्याच महिन्यात तू चार मजले चढून गच्चीवरची टाकी धुतलीस, हे सूनबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. खोटं बोलायचं तर घरातल्या सगळ्यांना आधी पढवून ठेवावं.

शाळेचा रस्ता कशाला? पूल मोठा आहे. दोन्ही काठांची माणसं त्यावरून जातात, शाळेची बस जाते, वाळूचे ट्रक जातात. त्या पुलाच्या तोंडाशी माझ्या पोराचं नाव लागलं तर तुझं काय जातं? शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की ज्यानं बांधला त्याला दुसऱ्याचं नाव लागलेलं खुपत असेल. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, हेही खरं. तसं असेल तर स्पष्ट लिही. तुझ्या कामाचा मान त्याच्या वाट्याला गेला म्हणून तू रुसला असशील, तर मी अध्यक्षांना सांगून खाली तुझंही नाव घालायला लावीन.

पाटी तयार झाली आहे. रंगाऱ्याकडे जाऊन मी बघून आले. अक्षरं सुबक आहेत. हात लावून पाहिला तर रंग अजून ओला होता, बोटाला निळा डाग पडला. तो दोन दिवस मी धुतला नाही.

आता तरी सरळ उत्तर दे. रागावले आहे, पण तुझीच आहे.

ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या बोटावरच्या डागाचं वाचलं, आता सरळ लिहितो. मास्तरीणबाईंचं चुकलं. मला त्याचं नाव खुपत नाही. तो पूल त्या नावाच्या लायकीचा नाही आणि त्याला कारण मी आहे.

तो निघाला त्या दिवशी तिसऱ्या खांबाची भराई होती. सकाळी सातपासून काँक्रीट ओतणं चालू होतं. हे काम एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायचं नसतं. खालचा थर घट्ट व्हायच्या आत वरचा पडला तर दोन्ही एकजीव होतात. उशीर झाला तर वरचा नुसता खालच्यावर बसतो, आणि त्या फटीतून पाणी आत जाऊन सळया गंजतात. म्हणून दर अर्ध्या तासाला नोंदवहीत भराई सलग चालू असं लिहून मी सही करायची, असा नियम होता. दुसरा नियम माझा स्वतःचा होता: काम कशानंही थांबलं, तर मी पाहिल्याशिवाय एक घमेलंही ओतायचं नाही. त्या कडकपणाचा मला फार गर्व होता.

तुझा निरोप आला की तू जा, माझ्याच्यानं होणार नाही. साडेदहाला मी मेस्त्रीला सांगून निघालो, अर्ध्या तासात येतो म्हणालो. बस अकराची होती, ती आली सव्वा वाजता. इकडे मी निघाल्यावर लगेच मिक्सरचा पट्टा तुटला. मेस्त्रीनं तो वीस मिनिटांत बदलला आणि मग माझ्या हुकमाची वाट पाहत सगळे जण हात बांधून बसले. बिचाऱ्यांनी माझा नियम पाळला.

मी परत आलो तेव्हा थर घट्ट झाला होता. तो खरवडून, धुऊन, वरिष्ठांना कळवून मगच पुढचं काम करायला हवं होतं. पण मग मी साइट सोडून गेलो होतो हे लिहावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी तसंच वर ओतायला लावलं. अकरा, साडेअकरा, बारा, साडेबारा, एक, अशा पाच सह्या एका दमात ठोकल्या. रंगाऱ्याच्या चुन्यातून वर येते ती रेघ तीच आहे, चौथऱ्यापासून माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. ती मी कधीच ओळखली होती. मेस्त्री आता हयात नाही. मी तोंडात मूग धरून बसलो.

तू विचारशील की बसला उशीर होता, तर निघून का आला नाहीस. हे लिहिणं त्या पाच सह्यांपेक्षा जड आहे. आईला आणू नका, असं तो कधीच म्हणाला नव्हता. ते मी रचलं. स्टँडच्या फाटकासमोरच्या बाकावर तो बसला होता आणि शेजारच्या जागेवर त्यानं आपली पिशवी ठेवली होती. कुणी बसायला आलं की सांगायचा, माझी आई येतेय, चालून दमलेली असेल, तिला बसायला जागा लागेल. तीनदा त्यानं मला साइटवर परत जायला सांगितलं. मामा, भराई टाकून आलात ना, जा तुम्ही, मी थांबतो आईसाठी, असं म्हणाला. त्याला तसं एकट्याला वाट पाहत सोडून मला जाता येईना. उलट मीच सांगत राहिलो की आई निघाली आहे, येतेच आहे. बस लागली तेव्हा त्यानं पिशवी उचलली आणि फाटकाकडे एकदा बघून चढला. हसला, तेवढं खरं सांगितलं होतं.

तुला बरं वाटावं म्हणून त्या दिवशी खोटं बोललो, आणि साइट सोडल्याचं झाकावं म्हणून खोटं लिहिलं. ताई, त्या पुलावरून शाळेची बस जाते. आणि तिथे त्याचं नाव लावायचं, जो मला म्हणत होता की भराई सोडून थांबू नका!

हे सगळं उद्या सकाळी मी कार्यकारी अभियंत्यांना लेखी पाठवतो आहे. तुला आधी कळवायचं होतं, पण तुझी परवानगी मागत नाही. तू नको म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो, इतका मी भित्रा आहे.

माया ठेव असं म्हणायला आज तोंड नाही.

बापू


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र नाही. फोन केला तर मास्तरीणबाईंनी उचलला आणि तू झोपली आहेस म्हणाल्या. सकाळी दहा वाजता तू झोपलेली मी जन्मात पाहिली नाही. मी समजायचं ते समजलो.

कार्यालयातून पोच आली आहे. तपासणी होईल, मला जबाबासाठी बोलावतील. घरात सगळं सांगितलं. त्या दिवसापासून सूनबाईंकडून माझा चहा न मागता येतो, एरवी तीनदा मागावा लागायचा. मुलगा मात्र अजून नीट बोलत नाही.

शिव्या दिल्यास तरी चालेल. दोन ओळींच्या दे.

बापू


२ मार्च

चि. बापूस,

शिव्या द्यायच्या तर दोन ओळी पुरणार नाहीत, म्हणून थांबले होते. पहिले दहा दिवस मी तुझ्या नावानं बोटं मोडली. पुलासाठी नाही, त्या बाकासाठी. खोटं का होईना, तू मला एक निरोप दिला होतास आणि तोच परत काढून घेतलास. नंतर रागाला धरायला काही उरेना, कारण तू बसस्टँडवर गेलास तो माझ्या सांगण्यावरून. मी माझ्या पायांनी गेले असते तर तू खांबाशी असतास. तेव्हा त्या रेघेत माझाही वाटा आहे. तू एकट्यानं तो ओढून घेऊ नकोस, नेहमीसारखा.

आता इथलं सांगते. अभियंता साहेबांनी माणसं पाठवली. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, नळीनं खांबाचा तुकडा काढला, तर तू लिहिलंस त्याच उंचीवर तो हातात दोन भागांत आला. आतली सळई गंजानं खाऊन बारीक झाली होती. साहेब मला म्हणाले की अजून दोन-तीन वर्षं असंच चाललं असतं तर काय झालं असतं ते सांगवत नाही. सगळ्या गाड्या बंद केल्या आहेत, माणसांना चालत जायला परवानगी आहे. खांबाभोवती नवीन काँक्रीटचं जाड वेष्टण घालणार आहेत. तुझी चौकशी होईल, ती चुकणार नाही. तू आपणहून लिहिलंस हे कागदात येईल असं साहेब म्हणाले.

वीस तारखेचा कार्यक्रम अर्थातच बारगळला. लोक बरंच बोलतात. कापडवाले अध्यक्ष आले आणि म्हणाले की बदनाम पुलाला नाव नको, आपण बागेला देऊ. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की नाव लागलं तर याच पुलाला, खांब नीट होईल त्या दिवशी, नाहीतर कुठेच नको. ते म्हणाले, बघू. पाटी गोणपाटात गुंडाळून रंगाऱ्याकडे उभी आहे.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते. खोडलं. ते लिहायला अजून हात वळत नाही, आणि या घरात आता खोटं लिहायचं नाही.

तो निघाला तेव्हापासूनच्या अकरा वर्षांत मी त्या बसस्टँडवर पाऊल ठेवलं नव्हतं. कुठे जायचं तर अलीकडच्या थांब्यावर चढायचे. परवा सकाळी उठले आणि पूल चालत ओलांडला. तिसऱ्या खांबाच्या वर जरा थांबले. पुढे स्टँडवर गेले. बाक तोच आहे, फक्त रंग बदललाय. एका टोकाला बसले आणि शेजारी माझी पिशवी ठेवली. एक बाई बसू का म्हणाल्या, तर मी म्हटलं, कुणीतरी यायचं आहे. मग तिथे बसून रडले. लोक बघत होते, बघू देत.

जबाबासाठी तुला एकोणीस तारखेला बोलावलंय, असं साहेबांकडून कळलं. रेघ नेमकी कुठून कुठवर आहे ते तुझ्याशिवाय कुणाला दाखवता येणार नाही म्हणतात. बस स्टँडवरच सोडते, पुढे पूल चालत यायचा आहे. गुडघा खरोखर दुखत असेल तर सावकाश येऊ.

बस कितीही उशिरा येऊ दे. मी फाटकासमोरच्या बाकावर असेन, शेजारी पिशवी ठेवून.

तुझी
ताई