सलाईन कोणाच्या वाट्याला

मंगळवार, दिवेलागण

आज आलं: ह्यांच्या गोळ्या, ६१२ रुपये. मुंबईच्या हॉस्पिटलचा फॉर्म, फुकट; त्यावर बायकोचीही सही लागते.

अटॅकने दुबळं झालेलं हृदय सुधारायला ह्यांच्याच हाडातल्या पेशी काढून हृदयात सोडणार. पण प्रयोग आहे. निम्म्यांना नुसतं सलाईन देतात, कोणाला काय ते सांगत नाहीत.

"माझंच हाड, माझंच काळीज. तुझं काय जातंय? कर सही!" हे हसले. त्यांना राखोलीच्या कंपनीत परत जायचंय.

मी देवापुढे बसले. ह्यांना पेशी मिळोत म्हणू? मग सलाईन दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला. नुसतं सलाईन, मिठाचं पाणी... रडूही येत नाही.

फोनवर हे ऐकतील, म्हणून धुळ्याला पत्रच लिहिलं: दादा, सही करू का, आणि देवाकडे काय मागू? उलट टपाली कळव.