कौशल्येसाठी धाडलेली कात्री

माणिकबाईले तुह्या वाह्यात धाकट्या बहिणीचा अकोल्याहून नमस्कार.

माही तब्येत चांगली हाये. जुन्या शहरातल्या सुइणींले बाळंतपणाची नवी रीत शिकवून राहिली. काल एक बुढी म्हणे, "रांडमुंडे, तुले काय समजते?" म्या म्हटलं, "नवरा मेला म्हणून काय माही बाळंतपणं इसरली?" साऱ्या हासल्या. मंग तिनंच आधी हात धुतले.

माही कौशल्या तुह्यापाशी नीट जेवते का? लेकीचं पयलं बाळंतपण माहेरी, अन् मायच इथं! सुटी मागतली तं दवाखान्यातली मडम म्हणते, "तू गेली तं शिकवीन कोण?"

नाळेसाठी कात्री अन् दोरा धाडला. दोन्ही उकळजो. त्या कात्रीनं मेथी कापशीन तं पाहाय! विळा घेऊ नको, राख लावू नको. माहा पयला लेक तुह्याच हातानं झाला अन् आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. तुह्यावर राग नाई, बाई. विळा उकळा लागते, हे तवा आपल्या तिवसा गावात कोणाले ठाव होतं?

कळा आल्या की पोरगी "माय वं" म्हणून मलेच हाका मारीन. तवा माह्या बदली तू "ओ" देजो.

तुहीच,
पार्बता