टेंपोत बसणार नाही

८ जून
ठरलं. ५ जुलैच्या खांडसच्या एक रात्र मुक्कामी राईडला मी सायकलवरच जाणार.
आमच्या कर्जतच्या सायकल ग्रुपचा लीडर साईराज. वय सव्वीस, पोटऱ्या दगडी, अक्कल यथातथा. आज मीटिंगमध्ये म्हणाला, पन्नाशीच्या वरच्यांनी आधी एक रात्र एकट्याने डोंगरात उघड्यावर काढून दाखवायची. तंबू नाही. फोटो टाकायचा. नाही जमलं तर सामानाच्या टेंपोत बसून यायचं, तशी सोय केलीय. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, म्हणजे माझ्याबद्दलच बोलत होता. पन्नाशीच्या वर ग्रुपमध्ये मी एकटाच आहे.
मी उभा राहून जाहीर केलं, ॲडव्होकेट गोपाळकृष्ण टिपणीस टेंपोत बसणार नाही. टाळ्या पडल्या. थोड्या.
घरी येऊन बायकोला सांगितलं. मालती म्हणाली, कांदे संपलेत.

११ जून
बिव्ही बॅग ऑर्डर केली. म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची वॉटरप्रूफ खोळ. आत शिरायचं, चेन ओढायची, वर थेट आभाळ. परदेशात लोक दलदलीच्या डोंगरांतून सायकल दामटतात आणि असेच झोपतात. तयारी म्हणून दिवसभर त्यांचे व्हिडिओ पाहिले. कोर्टात तारीख मागून घेतली.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून कशेळ्यापर्यंत सायकल.

१२ जून
पाऊस. निघणं सुरक्षित नव्हतं.

१३ जून
पाऊस नव्हता. पण कालचा रस्ता ओला.

१६ जून
आज खरोखर उठलो. सायकल जागेवर नाही! मालती तिच्यावरून दहिवलीला शाळेत शिकवायला गेली होती. म्हणाली, नुसती उभी राहून गंजेल, त्यापेक्षा मी नेते रोज. बाई सगळा रस्ता एकाच गिअरमध्ये चालवते. एवढ्या गिअरचा अपमान.
पण चेन मोकळी राहते. एका अर्थी माझा सराव चालूच आहे.

१९ जून
बिव्ही आली. गॅलरीत ट्रायल घेतली. चेन अडकली. समोरच्या वैद्य वहिनींनी पाहिलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, टिपणिसांकडे कोण गेलं?
मालतीने खोबरेल लावून मला सोडवलं. झोप मात्र उत्तम लागत होती. ट्रायल यशस्वी.

२२ जून
रूट पक्का. कशेळ्याच्या पुढे डोंगर चढून पठारावर मुक्काम. साईराज म्हणाला, काका, नकाशा मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. हसू आलं. पंचवीस वर्षं या तालुक्यातल्या जमिनींचे दावे चालवतोय. कुणाचा बांध कुठे सरकला ते मला झोपेत विचारा. मला नकाशाची गरज नाही.

२८ जून, संध्याकाळी साडेसहा. मुक्कामावरून
पठार रद्द केलं. चढावर सायकल ढकलावी लागते, आणि ढकलणं म्हणजे सायकलिंग नव्हे. तत्त्वाचा प्रश्न आहे. कशेळ्याच्या अलीकडेच रस्ता सोडून आत वळलो. गुडघाभर चिखल. सायकल रुतली, मग मी रुतलो, मग पुन्हा सायकल. जिकडे बघावं तिकडे पाणी.
आणि मग जागा सापडली! उंचवट्यावर एक लांबट तुकडा, पाण्याचा छान निचरा झालेला, वर वीतभर कोवळं, दाट, पोपटी गवत. गादीच. भोवती काट्यांचं कुंपण होतं, गुरांसाठी असावं. थोडं बाजूला केलं. तयारीने निघणाऱ्याला निसर्गच जागा राखून ठेवतो.
डोंगर समोर दिसतोय, म्हणजे डोंगरातच धरायला हरकत नाही. फोटो टाकला. साईराजने अंगठा दिला. मग अजून काहीतरी टाईप करत होता, तेवढ्यात रेंज गेली.

२९ जून. घरी
गवत नव्हतं.
भाताची रोपं होती, लावणीसाठी वाढवलेली. सकाळी बायजाबाई काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांचं शेत. आधी त्यांना वाटलं प्रेत आहे. प्रेत बोलल्यावर चिडल्या. आवो, पालापाचोळा जाळून राब भाजला, पेरलं, डोळ्यांत तेल घालून राखलं, गुरं नाय शिरली, डुकरं नाय शिरली, आन तुमी शिरलात?
मी कायदेशीर मुद्दे मांडले. बोर्ड नव्हता. हेतू नव्हता. चेन अडकल्यामुळे मुद्दे पडूनच मांडावे लागले. त्यांचे मालक हिरामण आले. त्यांनीही ऐकून घेतले नाहीत, पण चेन सोडवली.
भरपाई देतो म्हटलं. बायजाबाई म्हणाल्या, शेतात काय तुमच्या नोटा लावू? परत पेरायला आता येळ नाय. ऱ्हायलंय ते लावायला मानूस नाय मिळत, समदी फार्महाऊसवर कामाला जातात. शनवारी लावणी हाय. तुमी यायचं, वकीलसायेब.
त्यातल्या बऱ्याच फार्महाऊसची खरेदीखतं मीच केली आहेत. तो मुद्दा मांडला नाही.
मी येईपर्यंत हेल्मेट ठेवून घेतलं त्यांनी. निघताना मागे वळून पाहिलं. हिरव्या रोपांत माझ्या आकाराचा माणूस आडवा पडला होता. बराच रुंद. जरा वाईट वाटलं. जरा नाही, चांगलंच वाटलं वाईट.

१ जुलै
शनिवार म्हणजे ५ जुलै. राईडचाच दिवस!
साईराज पोशीरचा, घरची शेती. त्याच्या आईने फोटो बघून विचारलं म्हणे, हा मेला रोपांत काय करतोय? तरी नियम म्हणजे नियम. रात्र काढली, फोटो टाकला, मी सायकलवर यायला पात्र आहे. साईराजने बराच वेळ हसून झाल्यावर मान्य केलं.

४ जुलै
प्लॅन फुलप्रूफ. राईड आठ वाजता त्याच रस्त्याने जाणार. मी पहाटेच्या जीपने जाऊन तोपर्यंत लावणी उरकतो. सायकल आणि डबा मालती घेऊन येईल, म्हणजे माझी ताकद वाचेल. बांधावरून थेट सीटवर. मालती जीपने परत.
लावणीचेही दोन व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.

५ जुलै, संध्याकाळ
आठ वाजता माझी एक ओळ झाली होती. बायजाबाई ती उपटून परत लावत होत्या. म्हणाल्या, असं पेरभर दाबा हो, टेकवून काय ठेवता, पूजा हाय काय?
तेवढ्यात रस्त्यावर घंटा वाजल्या. ग्रुप आला. सगळ्यांच्या पुढे मालती. गिअर तोच एक.
मी हात वर केला. ग्रुपनेही केला. फोटो निघाले. मालती बांधावर डबा ठेवून गेली. मी म्हटलं, सायकल दे. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, पायच दिसत नव्हते. मग उरलेल्या शेताकडे पाहिलं. म्हणाली, तुमचं व्हायचंय अजून. मी जाऊन येते, उद्या रविवारच आहे. बिव्ही तिने कॅरिअरला आधीच बांधली होती. चेनला खोबरेल लावून.
बायजाबाईंनी माझ्या हेल्मेटमधली कोंबडी हाकलली, हेल्मेट धुतलं आणि मालतीच्या डोक्यावर स्वतः घातलं. जा गं बाय, सांभाळून जा, म्हणाल्या. मला असं काही म्हणाल्या नव्हत्या.
दुपारनंतर सामान उतरवून टेंपो परत फिरला. साईराजने ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, काकांना घेऊन जा. बायजाबाईंनी सोडलं, पण बजावलं, उद्या येळेवर या, अर्धं ऱ्हायलंय.
पुढे बसायला गेलो. ड्रायव्हरने माझ्या चिखलाकडे पाहून मागे बोट दाखवलं. मागे चढलो. कंबर अशी धरली होती की खाली बसताच येईना.
नोंद असावी, मी टेंपोत बसलो नाही. कर्जतपर्यंत उभा होतो.